कळण्याचा केक

"खारट लागतोय," नूतन तोंडातला केकचा घास कसाबसा गिळत म्हणाली. "आई, तुम्ही सांगितलेल्या डब्यातलंच पीठ घेतलं होतं मी."

वच्छलाबाई मेथी निवडता निवडता उठल्या. ओट्यावरच्या डब्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं आणि कपाळाला हात लावला.

"व माय. दादरनं पीठ शेजारना डबामा शे. हाऊ कळणा शे, पोरी."

दादर म्हणजे खानदेशातली ज्वारी आणि कळणा म्हणजे ज्वारीत उडीद आणि खडेमीठ टाकून गिरणीतूनच एकत्र दळून आणलेलं पीठ. वच्छलाबाईंसारख्या शिंदखेड्याकडच्या बाईला तो डबा उघडल्या उघडल्या कळतो. नूतन मात्र जळगावात गव्हाच्या पोळीवर वाढलेली, तिला सासूचे सगळे डबे सारखेच. ती घरी केक करून विकायची आणि एरवी त्यात जळगावच्या पिंप्राळ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंड्याऐवजी दही, लोण्याऐवजी तेल, साखरेऐवजी पिकलेलं केळं, काहीही सांगा, ती जमवायची. आता एका गिऱ्हाइकाला मैदाही नको होता. ज्वारीचा केक करून बघितला तर तो कापताना भुगा व्हायचा. आजचा केक मात्र छान धरला होता, मऊ होता, फक्त खाण्यासारखा नव्हता.

"फेकूनच देते," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून रुपचंद आबा बाहेर आले. नूतनचे सासरे. जेवणाच्या वेळी ते हल्ली बाहेर येत नसत. दात गेले होते. कुंदनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हौसेनं कवळी करून दिली होती, पण ती कायम पेल्यात आणि आबा कायम तिच्यावर रागावलेले. भाकरी दुधात कुस्करून वच्छलाबाई वाटी आत नेऊन द्यायच्या आणि आबा दार लोटून खायचे. उभा जन्म शेतात चारचौघांत भाकर मोडलेला माणूस, त्याला कुणी असं खाताना बघावं हे सोसत नव्हतं. वच्छलाबाईंना तेच खुपायचं. नवरा एकदा तरी पंक्तीला येऊन बसावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यासाठी त्यांनी भाकरी जाड करून पाहिली, पातळ करून पाहिली, वाफवूनसुद्धा पाहिली.

"कळणाना वास यी ऱ्हायना," आबा वास घेत म्हणाले. "कोन भाकर करी ऱ्हायनं?"

"भाकरी नाही आबा, केक फसलाय," नूतन म्हणाली.

आबांनी एक तुकडा उचलला. गालात घोळवला. मग दुसरा उचलला आणि तिथेच खुर्चीवर बसले.

"ठेचा शे का?"

"दात नहीत नि ठेचा मांगतस," वच्छलाबाई म्हणाल्या, पण तोवर त्यांच्या हातात मिरच्या होत्या.

ठेचा वाटताना त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं याचं, की माणूस बाहेर बसून खातोय. वाईट याचं, की आपण इतके दिवस जे करून थकलो ते सुनेकडून चुकून झालं. सून चांगली होती म्हणून तर जास्तच लागलं. मग त्यांनी ठेच्यावर तेलाची धार सोडली आणि स्वतःलाच दटावलं, पोट त्याचं भरतंय ना, मग झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओव्हनपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नूतन, माले बी शिकाड."

केळं घालायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. भाकरीत कुणी केळं घालतं का? नूतन म्हणाली, ठीक आहे, पण दही आणि खायचा सोडा मी सांगते तेवढाच. यावर वच्छलाबाईंनी लसूण आणि जिरं टाकून घेतलं. दोघींनी एकमेकींचं अर्धं अर्धं ऐकलं आणि भांडं ओव्हनमध्ये गेलं. वच्छलाबाई समोर स्टूल टाकून बसल्या.

"आई, झालं की घंटी वाजेल. तुम्ही बसून राहू नका."

"वाजू दे तिले. मी दखस."

त्या बघत बसल्या. काचेपलीकडे पीठ हळूहळू वर आलं. वच्छलाबाईंचा चेहरा असा खुलला, की नूतनला हसू आवरेना.

दुपारी कुंदन कंपनीतून जेवायला आला तेव्हा पानं मांडलेली होती. आबा बाहेर आले, पाट ओढून त्याच्या शेजारी बसले. कुंदनने बापाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. वच्छलाबाईंनी गरम तुकडा आबांच्या ताटात वाढला आणि हात आपसूकच तो कुस्करायला पुढे गेला.

आबांनी ताट जरा स्वतःकडे ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी तोडसू."