माळीण आणि कैदी

ढुंढिराजाचा हात लवकर उठायचा. काशीच्या रामघाटावरचा हा वैदिक ब्राह्मण यजमानांशी नम्रपणे बोलायचा आणि घरात आला की ताटं भिरकवायचा. धाकटी बहीण शरदिनी विधवा होऊन मुगलसरायहून माहेरी आली, तेव्हापासून वहिनीच्या वाट्याचा निम्मा मार तिच्याकडे आला. एकदा भाताला उशीर झाला म्हणून त्याने तिचं डोकं चुलीच्या कठड्यावर आपटलं होतं. तेव्हापासून डाव्या भुवईपाशी केस उगवत नव्हते.

नवऱ्याचा मात्र तिला कधी धाक वाटला नव्हता. तो रेल्वेत गार्ड होता. लग्न झालं त्या साली त्याने तिला तंबूतला सिनेमा दाखवला. मूकपट. एक माळीण तुरुंगातून पळालेल्या कैद्याला फुलांच्या टोपल्यांमागे लपवते आणि त्याला जीव लावते. पडद्यावर अक्षरं आली की नवरा ती तिच्या कानात वाचायचा, कारण तिला वाचता येत नव्हतं. तंबूत शिरायला उशीर झाल्याने सिनेमाचं नाव दोघांनाही कळलं नाही. पुढे थेटरांत गाण्यांचे बोलपट आले, नवरा तापाने गेला, देश स्वतंत्र झाला. शरदिनीच्या डोळ्यांपुढून ती माळीण हलली नाही.

दशाश्वमेधाच्या भाजीबाजारात तिला काशीनाथ भेटला. पूर्वी तो फिरत्या सिनेमात यंत्र चालवायचा. तंबू मोडला तेव्हा यंत्र आणि जुनी रिळं त्याने घरी आणून ठेवली होती. हे भाजीवालीकडून कळल्यावर शरदिनीने भीड सोडली आणि त्याला भर बाजारात माळिणीची गोष्ट सांगितली.

"तो नाही मिळायचा, बाई," काशीनाथ म्हणाला. "तसल्या सिनेमांची फिल्म बांगड्यावाल्यांनी बांगड्या करायला वितळवली. पण त्याच्या जातीचे दोन-चार आहेत माझ्याकडे. बघता?"

"बघते."

खिडक्यांना घोंगड्या लावून, यंत्राचा दांडा हाताने फिरवत तो दुपारी सिनेमा दाखवायचा. देवळात कीर्तनाला जाते असं सांगून ती यायची. पहिल्यात राजकन्या होती, ती नुसती रडत होती. दुसऱ्यात दोघं नदीत उडी घेऊन मेली.

"हे नको," शरदिनी चिडून म्हणाली. "माझी माळीण मरत नाही."

काशीनाथ हसला. मग तो मिर्झापूरला, जौनपूरला जाऊन जुन्या तंबूवाल्यांची दारं ठोठावू लागला. असाच एक सिनेमा घेऊन तो आला. त्यात एका धोबिणीच्या प्रियकराला पोलिसांचा दरोगा फटके मारतो आणि धोबीण दरोग्याच्या हातातला चाबूक हिसकावते. शरदिनी पाटावरून उठून उभी राहिली.

"हा! हा त्याच्यासारखा आहे!"

तेवढ्यात दार फुटलं.

ढुंढिराज आखाड्यातल्या दोन पैलवानांना घेऊन आला होता. बहीण कीर्तनात नाही, इथे येते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"अंधारात बसतेस? परपुरुषाबरोबर?" त्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर फेकलं. "आणि तू! कुठल्या हाताने फिरवतोस रे हे?"

पैलवानांनी काशीनाथला आडवा पाडला. एक त्याच्या छातीवर बसला, दुसऱ्याने त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ताणून धरला. ढुंढिराजाने दाराचा अडसर उचलला आणि मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज शरदिनीने ऐकला. काशीनाथ गुरासारखा ओरडला. ढुंढिराजाने पुन्हा अडसर उचलला.

रिळाचा पत्र्याचा डबा तिच्या पायाशी होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि भावाच्या कानशिलावर हाणला. तो वळला, तशी तोंडावर हाणला. त्याचे दात पडले. तो यंत्रावर कोसळला, यंत्र कलंडलं, आणि चालू दिव्यावर फिल्म पडली.

ती फिल्म भडकन पेटली. पिवळ्या धुराने खोली भरली.

"भागो! आग!" म्हणत पैलवान पळाले. काशीनाथ मोडका हात पोटाशी धरून बाहेर सरपटला. ढुंढिराज मात्र बेशुद्ध पडला होता आणि त्याचं धोतर पेटलं होतं.

शरदिनी दारात थांबली. आत जाऊ नये असं तिला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. मग ती शिव्या देत आत गेली, खिडकीवरची घोंगडी ओढून भावावर टाकली आणि त्याला पायांना धरून फरफटत गल्लीत आणलं. तिचे दोन्ही तळवे भाजले. मागे एकेक डबा फुटत होता.

चौकीवर ढुंढिराजाने सुजलेल्या तोंडाने सांगितलं, की त्या हरामखोराने बहिणीला फूस लावली आणि मारहाणही त्यानेच केली.

"सच है?" दरोग्याने शरदिनीला विचारलं.

"झूठ है. याने त्याचा हात मोडला. याचे दात मी पाडले. लिहून घ्या."

"शरू, घराची अब्रू!" भाऊ ओरडला.

"दादा, तुमच्या घरी मी आता येत नाही," ती म्हणाली.

कोर्टात ढुंढिराजाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तिलाही दंड झाला. तो वहिनीने कानांतल्या कुड्या मोडून गुपचूप भरला. रामघाटावरच्या मराठी घरांनी शरदिनीशी बोलणं टाकलं. तिने मुलींच्या शाळेत पाणी भरण्याचं काम धरलं आणि शाळेमागेच एक खोली घेतली. काशीनाथचा हात वाकडाच जुळला.

एका दुपारी तो शाळेच्या फाटकाशी आला.

"गाझीपुरात एक म्हातारा तंबूवाला आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडे मूकपट आहेत. यंत्रही आहे. पण दांडा फिरवायला आता मला जमायचं नाही."

शरदिनीने घागर खाली ठेवली. तळव्यांवरची नवी कातडी अजून लाल होती.

"मी फिरवीन," ती म्हणाली. "तुम्ही अक्षरं वाचा."