राईतल्या मेलेल्या झाडाचं काय करायचं

लातूर जिल्हा झाला त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या, कचेऱ्यांना विटा हव्या, अन् विटा भाजायला सरपण हवं. जळकोटच्या अलीकडं माळावर वीरण्णाची वीटभट्टी धगधगत होती. आसपासच्या पळस-बाभळी तिनं कधीच गिळल्या. आता उरली होती फक्त महादेवाची राई.

राईत उभ्या हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेलं तेवढं न्यायचं, हा गावाचा जुना नियम. म्हणूनच धावडा, बेहडा, करंज अजून दाटीनं उभे होते. खाली पाचोळ्याचा जाड थर, अन् त्या थराखालून झिरपणारा झरा. विहिरींनी तळ दाखवला तेव्हा सगळं गाव त्या एका झऱ्यावर आलं होतं.

वीरण्णाचे वडील गुरुपादप्पा सकाळी बेल आणायला राईत गेले, तर नीलाबाई थोरल्या धावड्यापाशी थांबलेली. बौद्धवाड्यातली ही बाई रोज काटक्या वेचायला यायची.

"अप्पा, झाडाला करदोडा घातलाय बघा कुणीतरी," ती म्हणाली.

बुंध्याभोवती सालीचा पट्टा सोलून काढला होता. असं झाड उभ्या उभ्या वाळतं, अन् वाळलं की नियम न मोडता नेता येतं. पुढच्या झाडांचंही तेच. कुठं साल अर्धीच निघाली होती; सोलणारा परत येणार होता. तो कोण, हे बापाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. वीरण्णानं नाकारलं नाही.

"हिरव्याला कुऱ्हाड लावली का मी? वाळल्यावर नेतो. गावाचाच नियम हाय."

"खरं हाय," गुरुपादप्पा म्हणाले. बाप पोराची बाजू घेतोय म्हणून लोक चुळबुळले. "पण श्रावणात त्या झाडांना विभूती कोण लावतंय?"

"आपणच."

"मंग झाडं आपल्यातलीच की. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळतो का?"

"न्हाई. पुरतो."

"मंग तुझ्या आज्यानं विभूती लावलेला धावडा भट्टीत कसा घालणार? मेलं झाड पडंल तिथं मातीत जाईल."

नीलाबाई मागून बोलली, "अन् आमच्या चुली हो, अप्पा?"

"केसं-नखं कोण पुरतंय, बाई? काटक्या न्या खुशाल."

पार हसला. वीरण्णा तेवढा हसला नाही.

"मजाकीवर भट्टी चालत न्हाई, अप्पा. माणसं बसून राहतील माझी."

"चिखल कशात कालवतोस?"

"झऱ्याच्या पाण्यात."

"राई गेली की पाचोळा गेला. पाचोळा गेला की झरा. मंग विटा थुंकीनं पाडतोस का?"

गुरुपादप्पांनी आवाज चढवला नाही, की शब्द मागं घेतला नाही. पोरगं उठून गेलं तर जाऊ दे, राई जाणार नाही, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं.

मलप्पा दुकानदार खाकरला. "उदगीरच्या तेलगिरण्यांत शेंगांच्या टरफलांचे ढीग पडून हायत. तेनं बी भट्टी पेटती."

"धूर लई होतोय टरफलाचा," वीरण्णा म्हणाला.

"होऊ दे," गुरुपादप्पा म्हणाले. "धुरावर उपाय करता येतो."

दुसऱ्या दिवशी ते राईत पोचले तेव्हा वीरण्णा आधीच आलेला होता. अर्धवट सोललेल्या एका बेहड्याला तो शेणामातीचा लेप देऊन वर चिंध्या आवळत होता. थोरल्या धावड्याची साल सगळीकडून गेली होती, तो वाचणार नव्हता. त्याला त्यानं हात लावला नाही.

"जरा दाट लाव," गुरुपादप्पा म्हणाले.

"कुठं किती लावायचं ते कळतंय मला," वीरण्णा मान वर न करता म्हणाला. "सोललं बी मीच हाय."

गुरुपादप्पांनी धोतर खोचलं अन् दुसरी पाटी कालवायला बसले.