माझ्या डोक्याखालची फट

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. तुम्ही कीव करावी म्हणून मी बोलत नाही. माझे आटे अजून शाबूत आहेत आणि मी कुणापुढे वाकलेलो नाही.

भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, शेडचे मालक सोपानराव यांनी मला लेथवर घडवले. साल १९६९. तिथे पत्रा दाबून आकार देणारी एक पॉवर प्रेस होती. तिचा वरचा साचा एका जाड पट्टीने धरलेला असे आणि ती पट्टी आम्ही दोन बोल्ट धरून ठेवत असू. साच्याखाली पत्रा सरकवायचे काम हिंदुरावाचे. त्याचे दोन्ही हात दिवसभर आमच्या भरवशावर असत.

पहिली काही वर्षे आम्हाला ग्रीस मिळालेच नाही. हिंदुराव म्हणायचा, लोखंडाचे कसले लाड? मी गंजलो आणि भोकात अडकून बसलो. मला सोडवताना पाना घसरला, माझ्या डोक्याचे कोपरे झिजले. मग सगळ्यांना ग्रीसची आठवण झाली, आणि ती जरा जास्तच झाली.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी आम्हाला काढून रॉकेलने धुतले. हिंदुरावाने डब्यात हात घातला आणि माझ्या भोकात ग्रीसचा गोळाच भरला. वर्षाचा सण, हात कशाला आखडायचा, असे त्याचे म्हणणे. पण आमचे भोक आरपार नाही. ग्रीसला निघायला वाट नव्हती. मी आत शिरलो आणि दोन आटे बाहेर असतानाच थांबलो. पाना घट्ट लागला. सोपानरावांना वाटले, बसला.

मी बसलो नव्हतो. प्रेस सुरू झाली असती, तर धक्क्यांनी ग्रीस हळूहळू बाहेर आले असते. पट्टी सुटली असती आणि साचा हिंदुरावाच्या हातांवर पडला असता. मला बोलता येत नाही. अडून राहणे तेवढे येते. मी अडून राहिलो.

पूजेला सोपानरावांच्या पत्नी गिरजाबाई आल्या. आम्हाला कुंकू लावताना त्यांचे बोट माझ्यापाशी थांबले.

"अहो, ह्याच्या डोक्याखाली नख जातंय माझं."

"घट्ट आहे तो. तू कुंकू लाव."

हिंदुराव हसत लांब पाइप घेऊन आला. "थांबा वहिनी, ह्याला जरा दम देतो." त्याने पाइप पान्यात अडकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. मी तसूभरही हललो नाही.

गिरजाबाई म्हणाल्या, "बरणीत काठोकाठ तेल भरायचं आन् मग झाकण दाबत बसायचं. आत जागा कुठं हाय त्याला?"

सोपानरावांनी पाइप बाजूला ठेवला. मला काढले, तर मागून ग्रीसचा लोळा खाली पडला. त्यांनी तारेला चिंधी गुंडाळून भोक पुसले. माझ्या आट्यांना ग्रीसचा फक्त पातळ हात दिला. आटे ओले दिसले, बुजले नाहीत. मग मी सरळ आत गेलो आणि माझे डोके पट्टीला टेकले. गिरजाबाईंनी पुन्हा नख लावून पाहिले, मगच कुंकू लावले. हिंदुराव तेवढा वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

१९७८ च्या थंडीत गिरजाबाई गेल्या. पुढच्या खंडेनवमीला शेडमधली पोरे पुन्हा ग्रीसचा डबा घेऊन आली. सोपानराव मध्ये उभे राहिले. "त्याला हात लावायचा नाही," एवढेच म्हणाले. त्यांनी मला स्वतः पुसले, बसवले, माझ्या डोक्याखाली नख घालून पाहिले. मग कुंकू लावले. त्यांचे बोट बराच वेळ तिथेच होते.

मित्रांनो, आम्हाला कोरडे ठेवू नका आणि बुडवूही नका. सणालाही नाही. यंत्र सुरू करण्याआधी माझ्या डोक्याखाली नख घालून पाहा. फट असेल, तर पाइप आणा, हातोडा आणा, शिव्या द्या. मी जागचा हलणार नाही.