पारव्या रंगाचा पट्टा

आमच्या दुकानात मी कापतो आणि तो शिवतो. गल्लीत मला मोठे मास्तर म्हणतात आणि त्याला छोटे मास्तर. खरं तर उंचीला तो माझ्यापेक्षा वीतभर जास्त आहे, पण मोठेपण मला माझ्या तोंडामुळे मिळालंय. एकतीस वर्षं झाली. खाली दुकान, वर आमची खोली. कुणी विचारलं तर मी म्हणतो, "आमचे भागीदार." आणि कुणी नाही विचारलं तरी म्हणतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सोमवारी एक चष्मेवाली मुलगी झेंडा शिवायला टाकायला आली. तीन मीटर लांब, सहा रंगांचे सहा पट्टे, रविवारच्या मोर्चासाठी. मोर्चा कुणाचा, हे तिने आम्हाला फार मायेने समजावलं. काही पुरुषांचं पुरुषांवर प्रेम असतं, काही बायकांचं बायकांवर, आणि त्यात वाईट काही नसतं. "घाबरू नका हं काका, आम्हीपण तुमच्यासारखीच माणसं आहोत," असं म्हणून तिने माझ्या हातावर थोपटलं. छोट्याने सुई शोधायच्या निमित्ताने मशीनखाली डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते.

डोकं वर काढलं ते शंका घेऊनच. "सहा कसे? ता-ना-पि-हि-नि-पा-जा. इंद्रधनुष्यात सात असतात. पारवा कुठाय?"

"काका, आमच्यात सहाच असतात," मुलगी म्हणाली. "सुरुवातीला आठ होते म्हणे. मग गुलाबी कापड बाजारात मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. नंतर अजून एक गेला."

छोट्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी घरातलं माणूस गेल्याची बातमी दिली. "कापड मिळेना म्हणून?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शिंप्याला याहून मोठी लाजेची गोष्ट नाही.

मुलगी गेल्यावर तो म्हणाला, "रविवारी मी मोर्चात जाणार. तू पण चल."

मी म्हणालो, "वेड लागलंय का? लग्नाचे कपडे पडलेत ढीगभर. गिऱ्हाइकांनी पाहिलं तर उद्या दुकानात माश्या मारत बसू."

"नको येऊस. मी एकटा जाईन. पण मग कुणी विचारलं, तर एकटाच आहे असं सांगेन. आणि परत आल्यावरही तसंच सांगेन."

एवढं बोलून त्याने मशीन सुरू केली. मी उगाच कात्रीला तेल घातलं. हा माणूस वर्षातून एकदा काहीतरी ठरवतो आणि मग ब्रह्मदेव खाली आला तरी बदलत नाही. चार दिवस तो माझ्याशी फक्त मापांत बोलला. "कॉलर साडेपंधरा." "कंबर छत्तीस." जेवताना "मीठ"सुद्धा म्हणाला नाही, हात लांब करून घेतलं. मला भीती वाटत होती. गिऱ्हाइकांची वाटत होतीच, पण खरी भीती त्या "परत आल्यावरही" या शब्दांची होती.

शनिवारी सकाळी झेंडा घडी करायला उलगडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात पट्टे! निळ्या आणि जांभळ्याच्या मध्ये वीतभर रुंदीचा पारवा पट्टा, आणि ते कापड माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. निवृत्त मुख्याध्यापकांचं सफारीचं कापड. नातीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः चार दुकानं फिरून आणलेलं.

"हे काय केलंस?"

"कापड मिळेना म्हणून रंग गेले," तो म्हणाला. "आपल्याकडे होतं."

"आपलं होतं का ते? डोक्यावर मिरे वाटतोस माझ्या!"

मी आणखी बरंच बोललो असतो, पण तेवढ्यात सर स्वतःच दारात उभे. माप द्यायला त्यांना आजच बोलावलं होतं. आमच्या नशिबाला असं वेळेचं फार भान आहे. सरांनी चष्मा वर केला, झेंड्याकडे पाहिलं, मग आणखी जवळ येऊन पाहिलं.

"हे माझं कापड."

"सर, ह्या भागीदाराला म्हातारचळ लागलाय," मी म्हणालो. शब्द आपोआप आले, एकतीस वर्षांची सवय. "कुणाचा तरी झेंडा आहे, मोर्चाबिर्चाचा. आपला काय संबंध? चुकून लावलं त्याने."

"मग काढा," सर म्हणाले.

 छोटा खाली बसला, झेंडा मांडीवर घेतला आणि ब्लेडने टाके उसवायला लागला. मला वाटलं होतं, भांडेल. तो भांडला नाही. एकेक टाका काळजीने काढत होता, कापडाला इजा होऊ नये म्हणून, आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हता. परत आल्यावरही तो असाच असणार होता. मापं सांगणार, मीठ स्वतः घेणार, आणि माझा कुणीच नसणार.

"उसवू नकोस," मी म्हणालो.

तो उसवत राहिला.

"अरे उसवू नकोस म्हणतोय ना! सर, तो झेंडा आमचा आहे. म्हणजे शिवायला आलाय, पण आमचाच आहे. माझा आणि ह्याचा. हा माझा भागीदार नाही. म्हणजे आहे, पण दुकानाचा नंतर. आधी माझा आहे. माझं माणूस आहे. एकतीस वर्षं आम्ही एकत्र संसार करतोय."

 सरांनी चष्मा काढून पुसला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वाटायचं तुम्ही सख्खे भाऊ आहात," ते म्हणाले. "एवढं भांडता म्हणून."

मग ते स्टुलावर बसले. "ही गेल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही," असं ते कापडाकडे बघत म्हणाले. आणि लगेच आवाज चढवून, "माझ्या सफारीचं काय?"

"हाफ बाह्यांचा होईल," छोटा म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून माप ऐकून मला बरं वाटलं.

"खिसे तरी ठेवा. आणि हे बघा मास्तर, मला हे पचायला जरा वेळ लागेल. ट्रायलला बुधवारी येतो."

सर गेले. बुधवारी येतील की नाही, देव जाणे. छोट्याने सुईत दोरा ओवला आणि उसवलेले टाके पुन्हा घालायला घेतले. दोन-तीन टाके झाल्यावर थांबला.

"परत म्हण."

"काय?"

"सरांना म्हणालास ते. मला नीट ऐकू आलं नाही. मशीन चालू होती."

मशीन बंद होती. सकाळपासून बंद होती. मी त्याला चार शिव्या घालणार होतो, पण तोंड उघडल्यावर लक्षात आलं, की हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. जगापासून लपवता लपवता मी ते त्याच्यापासूनही लपवून ठेवलं होतं. एकतीस वर्षं हा माणूस अंदाजावर राहिला.

म्हणून मी म्हणालो. एकदा म्हणालो, मग न विचारता दुसऱ्यांदाही म्हणालो.

त्याने दोरा दातांनी तोडला, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "उद्या नऊला निघायचंय. दाढी कर."