भुताच्या वाटणीचं अंडं

मी ललिताचा डबा बोलतोय. स्टीलचा, झाकणाला एक पोचा. तो कसा पडला ते सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. आम्ही डबे खोटं बोलत नाही, मीठ तेवढं जरा जास्त घालतो.

ललिता पाड्यावरची. राहनाळच्या गोदामात पार्सलांवर स्टिकर लावते. सकाळी टेम्पो चुकू नये म्हणून चहा-बटर, दुपारी पुन्हा चहा-बटर. मी घरी फळीवर पालथा.

मग ती विसरायला लागली. आधी स्टिकर, मग गेटपास, आणि एकदा चक्क पोटच्या लेकीचं नाव. रॅकांमधून कोणीतरी हाक मारतं म्हणायची. मुकादम रामनाथने बजावलं, "अजून एक पार्सल चुकलं तं उद्या येऊ नको, बाई."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "रक्त कमी, बी-ट्वेल्व्ह तळाला. मेंदू उपाशी राहिला की भलतंसलतं ऐकवतो. या गोळ्या घे. अंडं, सुकट, नाचणी खा."

सोबत आलेल्या सासूने, सीताबाईने, त्यातलं एकच धरलं. "उपाशी हाय ना? मंग ती गोदामामागच्या चिंचेवरचीच! तिथं शेत व्हतं तवा राबता राबता उपाशी मेलेली. तिला जेवण पायजे."

दुसऱ्या दिवशी मी फळीवरून उतरलो. पोटात अंडं, सुकट, नाचणीची भाकर. दुपारच्या सुट्टीत ललिता ते सगळं चिंचेखाली पानावर ठेवायची आणि मागे न बघता जाऊन बटर चघळायची. भुताची चंगळ, बाईचे हाल!

एकदा भर बाराला तिला तिथेच भोवळ आली. मी दगडावर आपटलो. तोच हा पोचा. आणि आतून आवाज आला, "खा, बाय."

शपथेवर सांगतो, तो माझा नव्हता.

ललिताने तिथेच बसून खाल्लं. मग रोजच. गोळ्याही घेतल्या. हळूहळू हाका थांबल्या, स्टिकर जागेवर बसले. एका संध्याकाळी तिने लेकीला हाक मारली, "मृणाली!" पोर दचकलीच.

सीताबाई खूश. "धाली ती, प्वाट भरलं तिचं. उद्यापास्ना अंडं बंद."

ललिता गप्प राहिली असती तर पुन्हा बटर, पुन्हा त्या हाका. ती म्हणाली, "आत्या, ती न्हाय जेवली. मीच खाल्लं."

"भुताच्या तोंडचं खाल्लंस?"

"भूक माझीच व्हती, आत्या."

सीताबाईने माझा पोचा चाचपला आणि दोन अंडी उकडायला टाकली.

आता मी दोन अंडी नेतो. एक ललिता बसून खाते. दुसरं सीताबाईच्या हुकमाने चिंचेखाली, माझ्यातच, झाकण गच्च लावून. कावळ्या-कुत्र्याची काय बिशाद! सुट्टी संपता ललिता मला उचलते, तेव्हा मी रिकामा असतो. कोण खातं, मला दिसत नाही. एवढंच कळतं, की बोटं गार असतात आणि फार घाईत असतात.

तुमच्या फळीवर एखादा डबा पालथा असेल तर तो आजच सुलटा करा. तो कोणाचा आहे ते आठवा, आणि भरा.

चिंचेवरच्या बाईचाही एक डबा असेलच कुठेतरी. पालथा.