पुढच्या रांगेतल्या शिव्या

आखाजीला शिव्या द्यायच्या तर समोर घेणारं माणूस लागतं. एवढी साधी गोष्ट नंदुरबारच्या शिकल्यासवरल्या मंडळींना कळू नये, याचा बेबीबाईला भयंकर राग आला होता.

धानोऱ्याच्या बाजूला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, रिवाज असा, की गौराई बोळवायला नाल्यावर गेलेल्या बाया दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या गावातल्या पुरुषांची नावं घेऊन गाण्यातून शिव्या देतात. अलीकडच्या, धानोऱ्याच्या काठाची म्होरकी बेबीबाई आणि पलीकडच्या काठाची कमलीबाई. लग्न होऊन आल्यापासून दोघी अशाच भांडत आल्या होत्या. एकीनं ओळ टाकली की दुसरीनं तिच्यावर चढ ओळ टाकायची. आपल्या काठाच्या पुरुषाला कुणी शिवी घातली, तर त्याची बाजू राखून उलटी शिवी परतवायची, हे म्होरकीचं कामच. वर्षभर दोघी एकमेकींना पापड-कुरडया पाठवतात, ती गोष्ट वेगळी.

यंदा हा सामना शहरात, कनातींनी बंद केलेल्या मैदानात, तिकीट लावून ठेवला होता. कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाच्या चुनीलालशेठना ही कल्पना सुचवली बेबीबाईच्या भाच्यानं, भूपेशनं. तिच्या सख्ख्या भावाचा हा मुलगा, धानोऱ्यातच राहणारा, दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणारा. त्यानं शेठना सांगितलं, बेबीबाईच्या बाया मंचावर, आणि कमलीबाईच्या बाया समोर पुढच्या रांगांत. तिथूनच त्या उत्तरं देतील. म्हणून कमलीबाईच्या बायांना कलाकाराची ओळखपत्रं नव्हती, पुढच्या रांगांचे पास होते, आणि ते सगळे पास भूपेशच्या मोबाइलवर आले होते. त्यानं ते बायांना पाठवले, आणि तेच पास तिकिटं परत विकायच्या ॲपवरही चढवले.

बेबीबाईला हे कळलं ते मंचावर चढल्यावर. समोर कमली नव्हती. कमलीच्या जागी गॉगल डोक्यावर चढवलेली, हातात पॉपकॉर्न घेतलेली अनोळखी माणसं बसली होती. तेवढ्यात तिची मुलगी चेतना फाटकाकडून धावत आली. कमलीमावशी आणि तिच्या सगळ्या बाया बाहेर अडकल्यात, पास दाखवला की मशीन म्हणतं हा आधीच वापरलाय, आणि फाटकावरचा माणूस त्यांनाच लबाड म्हणतोय, असं तिनं सांगितलं. फाटकावर कमलीमावशीला दाखवलेलं ते ॲप चेतनानं तिलाही उघडून दाखवलं. पुढच्या रांगेचा पास, आणि खाली लिहिलं होतं: गावच्या अस्सल शिव्या, अगदी जवळून. विकणाऱ्याच्या नावाशेजारी भूपेशचा हसरा फोटो.

बेबीबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. ज्या बाईनं पहाटे उठून नवं लुगडं नेसलं, टेम्पोभर बाया गोळा करून आणल्या, तिला फाटकावर चोर ठरवावं? तिनं चुनीलालशेठना सांगितलं. शेठनी घाम पुसला, कार्यक्रमानंतर बघू म्हणाले, आता पैसे भरून बसलेल्यांना उठवायचं कसं म्हणाले. मंचाच्या पायरीपाशी भूपेश उभा होता. तिनं त्याला विचारलं, तर तो खांदे उडवत आत्याला म्हणाला, "फुई, आते काय फरक पडस? लोके ऐकाले उनात. तू म्हन, समोर कोनी का बसेना."

समोर कोणी का बसेना! मग कनातीपलीकडून आवाज आला. कमलीचाच, खणखणीत, माइकबिइक काही नको असलेला.

*धानोराना भूप्या भलता हुशार व माय,*
*बायास्नी जागा इकी इकी खाय व माय.*

बायांनी ती ओळ झेलली आणि सगळी कनात हलली. लोक माना वळवून बघू लागले. आता पाळी बेबीबाईची होती. शिवी तिच्या काठाच्या पुरुषाला बसली होती, तिच्या रक्ताच्या पोराला. रिवाजानं तिनं कमलीच्या नवऱ्याला, दिरांना, सगळ्यांना धुवून काढायचं होतं. तिच्यामागच्या बाया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बेबीबाईनं माइक तोंडाशी धरला आणि कमलीचीच ओळ उचलली. "धानोराना भूप्या भलता हुशार व माय." मागच्या बाया चपापल्या, पण त्यांनीही झेलली. आत बेबीबाई आणि बाहेर कमली, दोघी मिळून एकाच माणसाच्या मागे लागल्या. असं त्या नाल्यावर कधी घडलं नव्हतं. भूपेशचं नाक, भूपेशचा मोबाइल, भूपेशची दानत, काही म्हणून सोडलं नाही.

आणि प्रेक्षक खूश! लोक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या मारत होते, मोबाइल वर धरून चित्रण करत होते. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, बाहेरचा आवाजसुद्धा मुद्दाम योजलेला. आणखी वाईट म्हणजे भूपेशही हसत होता. त्याला माहीत होतं, आखाजीला गाण्यातून दिलेली शिवी कुणी मनाला लावून घेत नाही. संध्याकाळी त्याच बायांच्या हातचा घास गोड करून खायचा, आणि झालं गेलं संपलं. गावानं पिढ्यान् पिढ्या जपलेली ती मोकळीक हा नालायक आपल्या पदरात पाडून घेत होता. आपण जितकं गाऊ तितका हा सुटतोय, हे बेबीबाईच्या ध्यानात आलं.

तिनं हात वर केला. मागच्या बाया थांबल्या. बाहेर कमलीही थांबली.

"हाई गानं नई शे," बेबीबाई माइकवर म्हणाली. सूर नाही, ताल नाही, घरात बोलावं तसं. "भूपेश, तू मन्हा भाऊना पोऱ्या शेस. आनि तू चोर शेस. आजपाईन मन्हा उंबरा चढू नको."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच गप्प झालं. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. भूपेशनं लोकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फुई," तो म्हणाला, "आज आखाजी शे."

"म्हनीसनच मी बिगर गानानं सांगं," बेबीबाई म्हणाली. तिनं माइक चुनीलालशेठच्या हातात दिला आणि आपल्या बाया घेऊन फाटकाकडे निघाली.