पौर्णिमेची सभा

"जुना जाहीरनामा विसरा, हिरामण! काळ बदलला. हा बघा नवा, आधुनिक. वीज, ट्रॅक्टर, गावोगाव वाचनालय!" मुंबईहून मतं मागायला आलेल्या अंबाजीराव वकिलांनी गुळगुळीत कागद पुढे धरला.

हिरामणने तो सावकाश वाचला. प्रौढांच्या वर्गात तो अक्षरं शिकला होता. वकिलांच्याच पक्षाचा बावन्न सालचा जाहीरनामा त्याच्या बंडीच्या खिशात होता, घडीवर विरलेला. त्यात चौथं कलम होतं : खाडीच्या बांधाला नवी उघाडी.

"ह्यात उघाडी न्हाय, सायेब."

"अहो, उघाड्या आजोबांच्या काळातल्या! ते सगळं जुनाट झालं."

"न नेसलेलं धोतर जुनं कसं व्हतं, सायेब?"

वकील हसले. हिरामणही हसला, पण ते हसणं वकिलांना ओळखता आलं नाही.

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला मिटून खाडी बाहेर थोपवायची. त्रेपन्नच्या पावसाळ्यात ते कुजकं दार निखळलं आणि बांधाला खांड पडून खाडी आत घुसली. रिवाजाप्रमाणे अख्खं गाव टोपल्या घेऊन चिखल टाकायला धावलं. सगळ्यांत पुढे हिरामणचा धाकटा भाऊ बाळाजी होता. तो दोन दिवसांनी गाळात सापडला.

बांध गावाने पुन्हा घातला, दाराच्या जागी भोक राहिलं. तेव्हापासून दर उधाणाच्या आधी एकेका घराने पाळीने ते पेंढा-चिखलाने बुजवायचं. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत तीन-तीन पावसाळे भात होत नाही. भोकाजवळचं शेत हिरामण आणि बाळाजीची विधवा मैना यांचं सामाईक. ते यंदा कुठे पेरणीजोगं झालं होतं.

"सभा कुठे घ्यायची?" वकिलांनी विचारलं.

"माझ्या शेतात घ्या. ऐसपैस हाय. पौर्णिमेला, अकराच्या सुमारास."

पौर्णिमेला भरदुपारी उधाण येतं, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. मांडव्याला लाँचमधून उतरलेल्या वकिलांना ते ठाऊक नव्हतं. आणि त्या पौर्णिमेला भोक बुजवायची पाळी हिरामणची होती.

माघी पौर्णिमा उजाडली. पेंढा अंगणातच पडून राहिला.

"अवो, येड लागलं का?" त्याची बायको केसर म्हणाली. "मैनाचं बी शेत हाय ते!"

"बाळाजी बी माझाच व्हता."

मैनाला त्याने पहाटेच वालाच्या शेंगा देऊन बाजाराला धाडलं होतं.

शेताच्या मधोमध टेबल, खुर्च्या, झेंडा लागला. गाव मात्र बांधावर ओळीने बसलं.

"खाली या, लाजू नका!" वकील म्हणाले.

"आमी हितंच बरं," म्हातारी आवडाबाई ओरडली. "हितनं तुमी झ्याक दिसता!"

"आमचा जाहीरनामा पुढच्या पन्नास वर्षांकडे पाहतो," वकिलांनी सुरुवात केली, तेव्हा पाणी मागून आलं. आधी चपला भिजल्या, मग धोतराचा घोळ. बघता बघता पाणी पोटऱ्यांना लागलं. कार्यकर्ते कागदांचे गठ्ठे घेऊन टेबलावर चढले.

"हिरामण! हे काय आहे?"

हिरामण बांधावर उभा राहिला. जुना कागद उलगडून, एकेक अक्षर लावत, त्याने चौथं कलम मोठ्याने वाचलं.

"माझा भाऊ ह्याच पान्यात गेला. तवा ते डोक्यावर व्हतं, तुमच्या तर पोटऱ्यांनाच लागलंय. वाचा की पुढं, सायेब. इजेचं वाचा."

वकिलांनी वाचलं नाही. ते बांधाकडे धडपडत आले, चिखलात दोनदा पडले. एकानेही हात दिला नाही. हिरामणला चार वर्षांत पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेता आला.

दुपार कलली, ओहोटी लागली. रिकामी टोपली घेऊन मैना परतली, ती थेट शेतावर. चिखलात भिजलेले जाहीरनामे चिकटले होते. तिने वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मला इचारायचं व्हतं, भावजी."

"तू नको म्हनली असतीस."

"न्हाय. मी त्या वकिलाच्या म्होरं उभी ऱ्हायले असते. माझा नवरा व्हता त्यो." तिने रिकामी टोपली हिरामणपुढे धरली. "तुमी मला शेंगा इकाया धाडलंत."

मैनाने पदर खोचला, टोपली चिखलाने भरली आणि भोकाकडे निघाली. हिरामणने टोपली घ्यायला हात पुढे केले.

तिने ती दिली नाही.